सुतारपक्ष्याच्या डोक्यातली उशी

माझी थोरली बहीण मुखदुर्बळ आहे असं आमच्या सगळ्या गल्लीचं मत आहे. साफ खोटं आहे ते. ती बोलत नाही कारण तिच्या तोंडात खिळे असतात. आमचा धंदा गादीकामाचा, म्हणजे सोफे, खुर्च्या, कोच भरायचे आणि वरून कापड चढवायचं. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्या हाताने हातोडी मारायची, मग खिळा धरणार कोण? म्हणून मूठभर बारीक खिळे तोंडात ठेवायचे आणि जिभेने एकेक पुढे सरकवायचा. हातोडीच्या टोकाला लोहचुंबक असतं, ते खिळा ओठांवरूनच उचलतं. बाबा असंच करायचे, ताई असंच करते. मी शिलाई मशीनवर बसते आणि दिवसभर दोघींच्या वाटचं बोलते.

ताईने खिळे तळहातावर काढले की समजावं, काहीतरी ठरलं. आणि तिचं एकदा ठरलं की कुणाचा बाप आला तरी ती मागे हटत नाही. एका वकिलांची खुर्ची आली होती दुरुस्तीला. बसलं की कुईं करायची. वकील म्हणाले, "राहू द्या हो बाई, मला आता सवय झालीय." ताई म्हणाली, "मला नाही झालेली." तिने ती खुर्ची उसवली, भरली, परत उसवली, परत भरली. मला वेड लागायची पाळी आली. शेवटी ते कुईं सापडलं मागच्या पायाच्या सांध्यात, म्हणजे जे आमचं कामच नव्हे तिथे. सुताराकडे पाठवायचं सोडून बाईसाहेबांनी तेही स्वतःच केलं. असा हा स्वभाव. लांबून फार छान दिसतो. जवळ राहून बघा.

भाऊजी तापाने गेले तेव्हा त्यांची लेक रांगत होती. घरी सांभाळायला कोण? म्हणून पोर दुकानातच वाढली, फोमच्या गठ्ठ्यांमध्ये. चालायला लागली तशी त्या गठ्ठ्यांना बुक्क्या मारायला लागली. गठ्ठा जितका मोठा तितका हिला चेव जास्त. म्हणून तिचं नाव बुक्की पडलं ते पडलंच. कॉलेजात गेली तरी सगळे बुक्कीच म्हणतात. बाजारामागच्या जुन्या गोदामात बॉक्सिंगचा क्लब आहे. तिथले मास्तर एकदा फाटकी पंचिंग बॅग शिवायला आमच्याकडे आले आणि जाताना पोरगी घेऊन गेले, असं मी सगळ्यांना सांगते. मास्तरांना ते आवडत नाही.

मला हा खेळ कधीच पटला नाही. चांगली हातीपायी धड मुलगी, आणि दुसऱ्याच्या मुलीकडून मार खायला जायचं? मी हे ताईला रोज ऐकवायचे. ती खिळे बाजूला न काढताच म्हणायची, "तिला आवडतं ना." झालं, विषय संपला. आणि खरं सांगायचं तर बुक्की रिंगमध्ये उतरली की मीच सगळ्यात जोरात ओरडायचे. माझा आवाज ऐकून पंचांनी एकदा मागे वळून बघितलं होतं.

तर त्या वर्षी वरच्या स्पर्धेसाठी क्लबमधून संघ निवडायचा होता. बुक्कीच्या वजनाच्या दोनच मुली. एक ही, आणि दुसरी एक उंच, लांब हातांची. दोघींची लढत व्हायची आणि जिंकेल ती जायची. बुक्की त्यासाठी लहानपणापासून थांबली होती म्हणा ना. आरशासमोर उभी राहून स्वतःच्याच प्रतिबिंबाला ठोसे मारायची, जेवताना पाय हलवत बसायची. घरात दुसरा विषय नव्हता.

आणि सरावात तिला कानामागे एक ठोसा बसला. पडली नाही, चक्करही आली नाही असं तिने सांगितलं. चालत घरी आली, हातपाय धुतले, दूध गॅसवर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. दूध वर आलं, उतू गेलं, गॅस विझला, तरी ही बघतेच आहे. मी ओरडले तेव्हा म्हणाली, "मावशी, आज कोण वार गं?" मी सांगितलं. थोड्या वेळाने परत तेच विचारलं. आम्ही तिला तशीच डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी तपासलं. तुटलं फुटलं काही नाही म्हणाले, पण मेंदूला हादरा बसलाय. "डोकं दुखणं, उजेड सहन न होणं, विसरणं, यातलं काहीही शिल्लक असेपर्यंत रिंगमध्ये पाऊल टाकायचं नाही," त्यांनी बुक्कीला बजावलं. "आधीचं बरं झालेलं नसताना दुसरा फटका बसला तर मग माझ्या हातात काही राहणार नाही." ताई शेजारी उभी होती. तिने एकच विचारलं, "बरं झालं हे कसं कळणार?" डॉक्टर म्हणाले, "तीच सांगेल. ते आतलं दुखणं आहे, तिच्याशिवाय कुणाला दिसणार?"

इथेच घोडं पेंड खात होतं. सांगणार कोण, तर जिला रिंगमध्ये उतरायचंय ती! थोड्या दिवसांनी बुक्की म्हणाली, आता काही दुखत नाही. हसत म्हणाली. ताईला ते खरं मानायचं होतं, आणि ती आई असल्यामुळे तिला ते पटतही नव्हतं. पोरीच्या तोंडाकडे बघायची आणि हातोडी चुकायची. ताईची हातोडी चुकते म्हणजे काय, हे मला विचारा.

अशातच एका दुपारी पुढच्या गल्लीत माझ्या घरी जेवताना टीव्ही लावलेला होता. सुतारपक्ष्यावर कार्यक्रम चालू होता. झाडाच्या खोडावर तो चोच आपटत होता, बघूनच माझं डोकं दुखायला लागलं. निवेदक सांगत होता, याच्या कवटीत स्पंजासारखं हाड असतं, ते गादीसारखं हादरा शोषून घेतं. वर याची लांब जीभ कवटीला मागून पट्ट्यासारखी वेढा घालते. म्हणून दिवसभर डोकं आपटूनही मेंदू शाबूत. ताईचा घास हातातच राहिला.

"स्पंज," ती म्हणाली. "आणि पट्टा."

"बरं मग?"

"मग काय, अगं! स्पंज आणि पट्टा! आपण दिवसभर दुसरं करतो काय?"

खरंच की. सोफ्याच्या खाली पट्टे ताणायचे, वर स्पंज बसवायचा. हाच तर आमचा धंदा. आता बघा, तो कार्यक्रम घराघरात लागला असेल. कुणी म्हणालं असेल वा, कुणी चॅनेल बदललं असेल. पण उठून फोम कापायला जाण्याची बुद्धी फक्त गादीवालीला सुचायची. आम्हाला लहानपणापासून एकच शिकवलंय, टोचतंय तिथे भर घाला. बसायला कडक लागतं? भर घाला. लाकूड पाठीला लागतं? भर घाला. जगातली कुठलीही अडचण भर घालून सुटते अशी आमची समजूत.

ताई कामाला लागली. मास्तरांकडून जुनं हेडगार्ड, म्हणजे ठोसे लागू नयेत म्हणून डोक्यावर चढवतात ते टोपडं आणलं, ते उसवलं, आतला भुसा झालेला स्पंज फेकून दिला. मग कडक फोम, त्यावर मऊ, मध्ये काथ्याचा पातळ थर, वरून चामडं. मागून पुढे असा सोफ्याचा पट्टा फिरवला, अगदी त्या पक्ष्याच्या जिभेसारखा. कानामागे तर तिने इतकी भर घातली की माझी मशीनची सुई तीनदा मोडली. मी म्हटलं, "हे टोपडं आहे की भोपळा?" तिने लक्षही दिलं नाही. गिऱ्हाइकांचे कोच कोपऱ्यात धूळ खात पडले. लोक येऊन विचारायचे, मी थापा मारायचे. कापड आलं नाही, वीज नव्हती, ताईला ताप आहे. थापा मारून मारून माझे नाकी नऊ आले.

तयार झालं तेव्हा तिने ते बुक्कीच्या डोक्यावर चढवलं, हनुवटीखाली पट्टा आवळला, आणि दोन्ही बाजूंनी हात ठेवून म्हणाली, "आता हे घातलंस की तुला काही होणार नाही. माझा शब्द आहे." क्लबातल्या क्लबात लढत होती, मास्तरही म्हणाले चालेल. बुक्कीने आईला उचलून गरकन फिरवलं. ताईला इतकं हसताना मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

हलका सराव सुरू झाला. ताई बाकावर बसून बघत होती, मी तिच्या शेजारी. एका मुलीने बुक्कीच्या गालावर सहज, गमतीत मारावं तशी बाजूने थप्पड दिली. आणि ते एवढं मोठं टोपडं भोवऱ्यासारखं फिरलं, त्याच्याबरोबर बुक्कीची मान. बुक्की हसली, टोपडं नीट केलं. ताई नाही हसली. घरी येताना म्हणाली, "बसवण्यात काहीतरी चुकलंय. त्या पक्ष्याचं डोकं हातात घेऊन बघायला पाहिजे."

मी म्हटलं, आता ही झाडावर चढणार. पण तिने शहराच्या संग्रहालयात फोन केला, आणि तिथे पक्षी सांभाळणाऱ्या बाईंनी आम्हाला चक्क या म्हणून सांगितलं. साधी बाई, हातात पांढरे मोजे. खोलीत नुसते कप्पेच कप्पे. त्यातला एक ओढून तिने कापसावर ठेवलेली एवढीशी कवटी बाहेर काढली. चोच धरून माझ्या अंगठ्याहून थोडी मोठी. ताईने ती तळहातावर घेतली, उजेडाकडे धरली, नखाने हळूच दाबून पाहिली.

"कडक आहे," ती म्हणाली. "स्पंज कुठाय?"

"पुढे कपाळापाशी थोडं जाळीदार हाड आहे," पक्षीबाई म्हणाल्या. "पण ते गादीचं काम करतं, हे आता खरं धरत नाहीत. पूर्वी तसंच वाटायचं, पुस्तकांतही तसंच लिहिलेलं आहे."

"टीव्हीवर खोटं सांगतात?" ताईचा आवाज चढला.

"खोटं नाही हो, जुनं. मग काही शास्त्रज्ञांनी चोच मारतानाचं चित्रण केलं आणि अगदी हळू करून बघितलं. चोच थांबते त्याच क्षणी मागचं डोकंही थांबतं. मध्ये काही दबत नाही, काही शोषलं जात नाही. अख्खं डोकं एखाद्या हातोडीसारखं चालतं. आणि विचार करा ना, मध्ये गादी असती तर त्याचा मार तिथेच जिरला असता. लाकडात भोक पाडायला त्याला आणखी जोरात मारावं लागलं असतं."

"आणि जीभ?"

"ती भोकातले किडे ओढून काढायला. एवढी लांब आहे, मग गुंडाळून ठेवायला जागा नको?"

ताईने कवटी एकदा फिरवून पाहिली. मला वाटलं आता उठेल, पण ती कुठली उठतेय. तिने कवटी नीट कापसावर ठेवली आणि विचारलं, "मग त्याला काही होत कसं नाही?"

"लहान आहे म्हणून. त्याचा मेंदू असेल दोन शेंगदाण्यांएवढा. इतक्या हलक्या मेंदूला जो हादरा सोसतो, तो मोठ्या, जड मेंदूला नाही सोसत. शिवाय तो समोर सरळ मारतो, मान पिरगळून मारत नाही. आणि त्यालाही खरंच काहीच होत नाही का, ते आम्हाला अजून पक्कं माहीत नाही."

"माझ्या मुलीला बॉक्सिंग खेळायचंय," ताई म्हणाली. "तिच्या डोक्याला हे कसं करता येईल?"

पक्षीबाईंनी मोजे काढले. "बाई, माणसांच्या डोक्यातलं मला कळत नाही, ते डॉक्टरांना विचारा. पण याच्याकडून घेण्यासारखं त्यात काही नाही. तुमच्या मुलीचं डोकं माणसाचं आहे."

मला त्या बाईचा राग आला. इतक्या लांबून आलो, चहा नाही पाणी नाही, आणि वर हे. पण तिने खोटा धीर दिला नाही हेही खरं. बसमध्ये ताईने खिडकीबाहेर तोंड केलं ते थेट घर येईपर्यंत. मी बोलून बोलून थकले.

दुकानात आल्या आल्या तिने हातोडीच्या डोक्याला फोमचा तुकडा गुंडाळला, दोऱ्याने बांधला आणि खिळा मारायला घेतला. खिळा ढिम्म. परत मारला. तिने जोर लावला, कपाळावर घाम आला, खिळा वाकला पण आत गेला नाही. मग तिने फोम काढून टाकला आणि एका ठोक्यात खिळा बसवला. "बरोबर सांगत होती गं ती," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने बुक्कीला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्यावर दह्याची एक छोटी वाटी आणि एक मोठं पातेलं. दोन्हीत एकाच विरजणाचं घट्ट दही. तिने वाटी उचलून ओट्यावर आपटली. दही होतं तसंच. मग तितक्याच जोरात पातेलं आपटलं. मधोमध चीर गेली आणि पाणी सुटलं. मग पातेलं दोन्ही हातांनी धरून झटक्यात फिरवलं, आणि दह्याच्या कवड्या झाल्या.

"माझं डोकं म्हणजे दही?" बुक्की हसायला लागली.

"मी चुकले," ताई म्हणाली. बहिणीच्या तोंडून हे दोन शब्द मी जन्मात ऐकले नव्हते. "मला वाटलं भर घातली की भागतं. तो पक्षी वाटीएवढा आहे. तू पातेलं आहेस. आणि मी त्या पातेल्याला बाहेरून आणखी जड केलं, म्हणून ते जास्तच फिरायला लागलं. ते टोपडं घालून तू लढणार नाहीस."

"ठीक आहे, क्लबचं घालते."

"क्लबचंही नाही. तुझं डोकं अजून दुखतंय."

"नाही दुखत!"

"मग खिडकीकडे पाठ करून का बसतेस? सुईत दोरा ओवताना एक डोळा का मिटतेस? काल मावशीने मशीन चालू केलं तर कानावर हात ठेवलेस. मी तुला पोटात वाढवलंय, मला शिकवू नकोस."

बुक्कीचा पारा चढला. "तू शब्द दिला होतास! माझ्या डोक्यावर हात ठेवून दिला होतास!"

"दिला होता. आता परत घेते." ताईने ते टोपडं आणलं, मोठी कात्री घेतली आणि तिच्यासमोर टराटरा कापलं. चामडं, फोम, काथ्या, पट्टा, सगळं ओट्यावर पसरलं. इतक्या मेहनतीचं काम, माझ्या तीन सुया गेल्या होत्या त्यात. "हे बघ," ती म्हणाली. "आत हे एवढंच आहे. तुझं डोकं आणि दुसऱ्याचा ठोसा यांच्यामध्ये ठेवायला माझ्याकडे दुसरं काही नाही. माझी कातडी सोलून उपयोग झाला असता तर तीही दिली असती. निवडीआधी तेच डॉक्टर क्लबात तपासायला येतील तेव्हा तूच त्यांना खरं सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन."

बुक्कीला ही धमकी वाटली. मलाही वाटली, पण मी ताईला ओळखून आहे. ती धमकी देत नाही, आधी कळवून ठेवते.

निवडीच्या दिवशी क्लबच्या मागच्या खोलीत डॉक्टर टेबल टाकून बसले होते. एकेका मुलीचं वजन, रक्तदाब, डोळे. बुक्की पुढे गेली. मास्तर, ती उंच मुलगी, आम्ही दोघी, सगळे तिथेच. डॉक्टरांनी विचारलं, "डोकं दुखतं?"

"नाही," बुक्की म्हणाली.

"उजेडाचा त्रास? विसरायला होतं?"

"अजिबात नाही."

मी ताईचा दंड धरला. मनात म्हटलं, जाऊ दे गं, एक लढत तर आहे, पोरीचा जीव आहे त्यात. ताईने माझा हात बाजूला केला.

"खोटं बोलतेय," ती म्हणाली. "रोज दुखतं. परवा स्वतःच्याच गल्लीचं वळण चुकून पुढे गेली. तुम्ही म्हणाला होतात तिच्याशिवाय कुणाला दिसणार नाही. मला दिसतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि बुक्कीला बसायला लावून पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतलं. बोटाकडे बघ, आकडे उलटे म्हण, एका पायावर उभी राहा. एका पायावर ती डुलली. जी मुलगी दोरीवरच्या उड्या थांबवायला सांगूनही थांबत नसे, ती डुलली. डॉक्टरांनी मान हलवली. मास्तर ताईला म्हणाले, "बाई, आधी मला तरी सांगायचंत." ताई म्हणाली, "तुम्हाला दोन महिने दिसलं नाही का मास्तर?" मास्तरांनी मान खाली घातली. मला फार बरं वाटलं, उगाच कशाला नाही म्हणू.

उंच मुलगी लढत न होताच निवडली गेली. तीही बिचारी रडली. बुक्की रडली नाही. ती आईसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "यापुढे माझ्याशी बोलू नकोस." आणि आपली पिशवी घेऊन पुढच्या गल्लीत माझ्या घरी येऊन राहिली.

मग माझे जे हाल झाले! इकडे लेक मूग गिळून बसलेली, तिकडे आई खिळे तोंडात धरून बसलेली, आणि मध्ये माझा पोस्टमन झाला. "तिला सांग स्वेटर न्यायचा राहिलाय." "तिला सांग मला नको." "तिला सांग डॉक्टरांनी परत बोलावलंय." यावर ती पांघरूण ओढून घ्यायची. माझ्या घरात पडदे ओढलेले, दिवे बंद, आणि पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. काय होतंय विचारलं तर काही नाही. मी चिडून ताईला म्हटलं, "एकदा तू जाऊन बोल की! तुझं काय जातं?"

"काय बोलू? चुकले म्हणू? टोपडं शिवलं ती चूक. ती कबूल केली. डॉक्टरांना सांगितलं ती चूक नाही, तिची माफी मी मागणार नाही."

"आणि ती कधीच परत आली नाही तर?"

ताईने खिळे तळहातावर काढले. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती. "नाही आली तर नाही आली," ती म्हणाली. "रडेन मी. पण जिथे असेल तिथे तिला स्वतःचं नाव आठवेल, दिलेलं काम कळेल, म्हातारी होईल. आई माझ्याशी वाईट वागली हेसुद्धा तिला आठवेल. तेवढं आठवलं तरी मला पुरे आहे." आणि परत खिळे तोंडात टाकून कामाला लागली. मी मशीनवर उगाच उलटी शिवण घातली, कारण मला काही दिसत नव्हतं.

असे बरेच दिवस गेले. मग एका भर दुपारी एक गिऱ्हाईक दारात आपल्या कोचावरून हुज्जत घालत उभं होतं, आणि त्याच्या मागून बुक्की आत आली. डोळ्यांवर काळा चष्मा, केस विस्कटलेले, चेहरा पांढराफटक. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मावशी, मशीन थांबव."

मी पायच उचलला. ताई गुडघ्यावर बसून खुर्चीचा तळ ताणत होती, ती तशीच राहिली.

"आई," बुक्की म्हणाली, "डोकं दुखतंय."

ताईने हातातलं कापड सोडलं.

"खूप दुखतंय. त्या दिवसापासून एकही दिवस थांबलेलं नाही. मी सगळ्यांना नाही म्हणाले. तुलाही." तिने भिंतीला हात टेकला. "मला भीती वाटतेय गं."

ताई उठली, आणि उठताना तिने काय काय सांडलं ते मी नंतर तासभर वेचत होते. तिने पोरीला पोटाशी धरलं नाही, रडली नाही. तिच्यासमोर उभी राहून म्हणाली, "कुठे दुखतं ते दाखव."

बुक्कीने आईचा हात धरला आणि आपल्या डोक्यावर नेऊन ठेवला. दाखवत राहिली, इथे, इथे, आणि सकाळी उठलं की इथे. ताईचा हात तिच्या बोटांबरोबर सरकत राहिला. दारातलं गिऱ्हाईक म्हणालं, "अहो बाई, माझ्या कोचाचं काय?" मी उठले आणि त्याच्या तोंडावर शटर खाली ओढलं.